सुरक्षित स्थळी हलवले

सरकारी वाहिनीच्या मराठी बातम्यांखाली जी पट्टी सरकत असते ना, ती मी लिहिते. ती कुणी लिहीत असेल असं लोकांना वाटतच नाही. माझी नणंद पोशीरला दिलेली आहे. तिला इतकी वर्षं वाटायचं की पट्टी आपोआपच येते. मी लिहिते म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न काय विचारावा, "मग पावसाचं कधीच कसं बरोबर येत नाही गं?"

कोरोनापासून हे काम मी कडावच्या घरूनच करते. मागच्या पडवीत टेबल टाकलंय. समोर भाताची खाचरं, त्यापलीकडे ओढा, मग डोंगर आणि डोंगराच्या पोटाशी आदिवासींची वाडी. सकाळी मुंबईहून फोनवर मजकूर येतो, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत. तो वाचायचा आणि त्याची एक ओळ करायची. माणसाला जेवता जेवता वाचता यावी एवढीच. मी पाठवली की चहा उकळायच्या आत तीच ओळ आतल्या खोलीतल्या टीव्हीवर. सुरुवातीला मी धावत बघायला जायचे. लाज कसली त्यात, आवडायचं मला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या कामात कुणी रोज नव्याने लिहीत नाही. तसं करायला बसलं तर दुपारच्या बातम्या दिवेलागणीला जातील. आमच्याकडे तयार ओळी असतात. पावसाच्या वेगळ्या, निवडणुकीच्या वेगळ्या, मोठं माणूस गेलं तर त्या वेगळ्या. नदीचं नाव बदलायचं, गावाचं नाव बदलायचं, की झालं काम. पावसाळ्यात माझी सगळ्यात जास्त वापरलेली ओळ म्हणजे 'नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवले'. मला फार आवडायची ती. वाचताना वाटायचं, कुणीतरी कुणाचा तरी हात धरून पलीकडे नेलंय.

आमचे हे शेतावरून आले की खासगी वाहिन्या लावतात. लाल अक्षरं, ढणढण संगीत, 'दणका', 'थरकाप', 'कंबरडं मोडलं'. मधेच माझी वाहिनी लावायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडे काय, कधी काही होतच नाही." मी म्हणायचे, "आम्ही बोंबलत नाही, एवढंच." आणि खरंच, मला त्याचा तोरा होता. ते खोटारडे, आम्ही शांत, असं मी सरळ धरून चालले होते. शांत बोलणाऱ्याला खोटं बोलायला ओरडावंही लागत नाही, हे तेव्हा कुठे सुचलं!

यंदाच्या उन्हाळ्यात, रानात करवंदं काळी व्हायला लागली तेव्हा, सीमेवर पेटलं. त्या सकाळी डेस्कवरच्या साहेबांचा संदेश आला. काय लिहायचं आणि काय नाही. 'युद्ध' नको, 'कारवाई' लिही. तिकडे पडलं तर 'तळ उद्ध्वस्त', इकडे पडलं तर 'किरकोळ नुकसान'. त्यांनी केला तो 'भ्याड हल्ला', आपण केलं ते 'चोख प्रत्युत्तर'. जवान गेला तर 'वीरमरण'. गावातलं साधं माणूस गेलं तर काय, ते त्यात नव्हतं. मी विचारलं, "साहेब, साधं माणूस गेलं तर काय लिहू?" उत्तर आलं, "वरून कळेपर्यंत थांब." मी थांबले. मला थांब म्हटलं की मी फार छान थांबते.

पट्टीचा क्रमही ठरलेला होता. आधी आपला निर्धार, मग त्यांची हानी, मग कुणा मोठ्याचं आश्वासन आणि शेवटी एक गोड ओळ. साहेब तिला 'दिलासा' म्हणायचे. "एक दिलासा दे गं," असं म्हणायचे, शेजारणीने वाटीभर साखर मागावी तसं. लोक घाबरले की साठा करतात, पळापळ करतात, म्हणून दिलासा हवा. यात मला काही वावगं वाटत नव्हतं. उलट वाटायचं, देशासाठी दुसरं काही जमत नाही, निदान एवढं तरी आपल्या हातून होतंय. छाती जराशी फुगलेलीच होती माझी.

एके सकाळी निरोप आला, "सीमाभागातल्या लोकांवर एक दिलासा दे." सोबतच्या मजकुरात एवढंच होतं की तिथल्या प्रशासनाला लोकांची व्यवस्था करण्याच्या सूचना दिल्या आहेत. सूचना दिल्या आहेत. लोक हललेत असं कुठेही नव्हतं. मी पावसाच्या ओळी उघडल्या, 'पूरग्रस्त भागातील' काढून तिथे 'सीमावर्ती भागातील' घातलं आणि ओळ पाठवून दिली. 'सीमावर्ती भागातील नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवले'. कुठे हलवले, कुणाला हलवले, कोण राहिले, असला एकही प्रश्न मला पडला नाही. मी उठून चहा टाकला.

तो चहा गाळत होते तेवढ्यात मागच्या दारी मावशी आली.

ही मावशी वाडीवरची. माझं लग्न होऊन मी कडावला आले तेव्हापासून रानमेवा आणि रानभाज्या विकायला येते. उन्हाळ्यात करवंदं आणि आळवं, पावसाच्या तोंडाशी शेवळं, नंतर कंटोळी. उरलेला माल घेऊन कर्जत स्टेशनला जाऊन बसते. माझ्याहून फार मोठी नसेल, पण मी मावशी म्हणते आणि ती मला बाय म्हणते. तिला एकच मुलगी. मुलगी आणि जावई दर वर्षी दिवाळीनंतर कोळशाच्या भट्टीवर जातात, वाडीतली आणखी माणसंही असतात, आणि पावसाआधी परत येतात. यंदा मुकादमाने त्यांना पार गुजरातच्या टोकाला नेलं होतं, वेड्या बाभळीच्या रानात.

त्या दिवशी टोपली तिने खाली ठेवली, पण वरचं फडकं काढलं नाही. पायरीवर बसली.

"बाय, तिकडं लढाय लागली म्हंतात."

"लागलीय, मावशी."

"माजी पोर तिकडंच हाय गं."

मला खरं सांगायचं तर तोवर आठवलंच नव्हतं. सीमाभाग, सीमाभाग म्हणून मी रोज लिहीत होते आणि तिथे आपल्या समोरच्या डोंगरातली माणसं असतील असं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"फोन लागतो का?"

"जावयाचा लागत नाय. मुकादम उचलत नाय." ती लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होती. "कडावातला टेंपोवाला, त्यांना सोडाय गेलेला तो, तो बोलला मी जातो. आमचे दोन गडी संगती जातील. आजच निंगतो बोलला. सगळ्यांना भरून आनतो. पन वाडीत कोन बोलतं जावा, कोन बोलतं तिकडंच जाऊन मरायचं का. तुमी सांगा. तुमाला टीवीतलं समदं कळतं."

मी काय करावं? मी म्हटलं, "या आत."

ती कधी आत येत नाही, त्या दिवशी आली. टीव्हीसमोर उभी राहिली, हात पोटाशी धरून. पट्टी सरकत होती. निर्धार गेला, हानी गेली, आश्वासन गेलं, आणि मग माझी ओळ आली. तिला वाचता येत नाही. मी पडद्याजवळ जाऊन, एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्याने वाचून दाखवली. ओळ पळत होती, बोट तिच्यामागे पळत होतं.

"हलवलं म्हंजे?" तिने विचारलं. "आमाला हलवलं व्हतं तसं? शाळंत?"

मागच्या पावसाळ्यात वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली होती. तलाठी आणि पोलीस पाटील वर गेले आणि सगळी वाडी कडावच्या शाळेत आणून ठेवली. आठवडाभर खिचडी, चादरी, डोक्यावर पंखा. मुलगी तेव्हा इथेच होती. मावशीने मला नंतर हसत हसत सांगितलं होतं, पोरगी बोलते, आये, इथंच राहू या गं, पंख्याखाली लय झोप लागते. त्या वेळचीही पट्टी मीच लिहिली होती, आणि ती खरी होती. म्हणून तिला 'हलवले' म्हटल्यावर काय दिसत होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. शाळा दिसत होती, पातेलं दिसत होतं आणि पंख्याखाली झोपलेली लेक दिसत होती.

"हो," मी म्हटलं. "तसंच."

"खिचडी देत असतील?"

"देत असतील की."

"ह्ये तुमीच लिवलं ना, बाय?"

"मीच," मी म्हटलं.

त्या 'मीच'ची चव अजून माझ्या जिभेवर आहे. इतकं बरं वाटलं होतं मला! कुणाच्या तरी जिवाला घोर लागलेला असावा आणि आपल्या एका शब्दाने तो उतरावा. तिचा चेहरा असा सैल झाला की मलाच भरून आलं. बाहेर आली, टोपलीवरचं फडकं काढलं, पळसाच्या पानात करवंदं भरली आणि वर आणखी ओंजळभर टाकली. "असू द्या," म्हणाली. "टेंपोवाल्याला सांगते, नको जाऊ म्हनून. उगाच त्याचाबी जीव."

ती बांधावरून गावाकडे जाताना मला दिसत होती. नुसती हाक मारायची होती. मावशी, मला नक्की माहीत नाही. चार शब्द. त्या घटकेला मला ते सुचलं नाही असंही नाही, सुचलं होतं. आत कुठेतरी टोचलं होतं. पण दुपारच्या ओळी द्यायच्या होत्या आणि आत्ताच मिळालेलं ते बरं वाटणं मला घालवायचं नव्हतं. मी करवंदं धुवायला घेतली.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी आणखी एक ओळ दिली. 'सीमाभागात ब्लॅकआऊटला नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. ही पण तयारच होती, रक्तदान शिबिराची. आमच्याकडे तेव्हा सगळे दिवे लखलखत होते, ह्यांच्यासाठी मी कांदाभजी तळत होते आणि एका हाताने ती ओळ टाइप केली. फोनला तेलाचं बोट लागलं, ते पदराने पुसलं.

मग लवकरच सगळं थांबलं. पट्टीवर 'शस्त्रसंधी' आलं. हे थोडे हिरमुसले, मग क्रिकेट लावून बसले. मला वाटलं, चला, झालं एकदाचं.

मावशी येईना. करवंदं संपली. पावसाच्या तोंडाशी शेवळं घेऊन वाडीवरचीच दुसरी बाई आली. मी विचारलं, "मावशी कुठे गं?" ती म्हणाली, "ती कर्जतला दवाखान्यात. पोरगीपाशी. पोरीचा पाय गेला ना."

मी शेवळं घेतली की नाही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी केळी आणि बिस्किटं घेऊन कर्जतला गेले. बघायला जाताना माणूस जे नेतं ते. खाटेवर मुलगी होती, डावा पाय घोट्याच्या वर गुंडाळलेला आणि तिथेच संपलेला. मावशी मला बघून उठली, चेहरा उजळला तिचा. "बघ गं, आली का नाय! टीवीत लिवते ती बाय. हिनंच सांगितलेलं तू बरी हायस म्हनून."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मावशी केळी ठेवायला फडकं शोधत होती. मी विचारलं, "कसं झालं गं?" विचारायला नको होतं असं आता वाटतं, पण न विचारता परत आले असते तर ते कसलं बघायला जाणं.

तिने सांगितलं. आकाशात आवाज यायला लागले तेव्हा सगळ्यांनी मुकादमाला घेरलं की आम्हाला गावी सोड. मुकादम खालापूरकडचा, आपलाच माणूस. भट्टी पेटलेली होती. पेटलेली भट्टी कुणी सोडून जात नाही. लाकडाचा ढीग मातीने लिंपून आत कोंडून जाळायचा असतो, कुठे भेग पडली की लगेच माती टाकायची, नाहीतर सगळा कोळसा राख होतो. त्याला माणसं हवीच होती. त्याने मोबाईल काढला.

"त्यात पट्टी व्हती, मराठीतली," मुलगी म्हणाली. "आमाला वाचून दावली. बोलला, बघा, सरकारनं लोकांना हलवलं. जिथं धोका हाय तिथनं हलवलं. तुमाला न्यायला कोन आलं का? नाय ना? म्हंजे हितं धोका नाय."

वाडीतल्या माणसांना ते पटलं. पटणारच. मागच्या पावसात धोका होता तेव्हा तलाठी आला होता की.

"मंग रातचं उजेड नको बोलले. भट्टी भेगंतनं लाल दिसत व्हती. मुकादम बोलला वर चढून माती टाका, लवकर टाका. बॅटरी लावायची नाय. मी चढले. खाली पोकळ झालेलं, दिसलं नाय. पाय आत गेला." तिने चादर पायावर ओढून घेतली. "ह्यांनी वढून काढलं. दवाखान्याचा गाडीवाला पन बोलला, उजेड लावता येत नाय, रातचं येनार नाय. सकाळी नेलं."

"आणि बाँब?" मी विचारलं. काय मूर्खासारखं विचारलं मी.

"कुठं काय! एक बी नाय पडला. नुसते आवाज."

बातमीत ती कुठेही बसत नव्हती. हल्ल्यात जखमी नाही, नुकसानीत नाही, किरकोळमध्येही नाही. त्या वेळी ती अंधारात हातात मातीचं घमेलं घेऊन भट्टीवर चढली होती आणि इकडे मी भजी तळता तळता तिच्या अंधाराला उत्स्फूर्त प्रतिसाद म्हटलं होतं.

मी सांगणार होते. शप्पथ, तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात मावशीने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाय, जीव तरी वाचला. तुमी तवा सांगितलं नसतं तर मी येडी झाली असती गं. तेवढे दिस तरी सुखानं झोपली मी." तिने माझे आभार मानले. मी ते आभार घेतले, पर्स उचलली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसून रडले. एका आयाने विचारलं, कोण गेलं का? मी म्हटलं नाही.

घरी आल्यावर सगळं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुझ्या ओळीनं काय भट्टी फुटली का? काहीतरीच." साहेबांना फोन केला. माणूस म्हणून ते खरंच चांगले आहेत, रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, तू नसती लिहिली तर दुसऱ्याने लिहिली असती. आदेश तसा होता. मनाला लावून घेऊ नको." सगळं बरोबर होतं त्यांचं. टेंपो गेला असता तरी वेळेवर पोचला असता का, कोण जाणे. रस्ते बंद असते. मुकादमाने सोडलं नसतं. मी रात्ररात्र हा हिशेब घातलाय आणि दर वेळी मी सुटते, आणि सुटल्यावर मला स्वतःची जास्तच शिसारी येते. कारण टेंपो निघाला नाही तो रस्ते बंद होते म्हणून नव्हे. मी 'मीच' म्हटलं म्हणून.

काम सोडलं नाही. सोडलं असं सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर आला, मी ओळी दिल्या.

मग पाऊस धरला. आषाढात आमच्याकडे कसा पडतो तसा, तीन दिवस डोंगर दिसेना. चौथ्या दिवशी दुपारी साहेबांचा निरोप आला, "कर्जतच्या वाड्या हलवतायत. तुझ्याच भागातलं आहे. ओळ दे."

ओळ तर तयारच होती, वर्षानुवर्षं तयार होती. माझा हात तिच्यावर गेला आणि तिथेच राहिला. मी फोन पिशवीत टाकला, रेनकोट घातला आणि शाळेत गेले. हे मागून ओरडत होते, "अगं या पावसात कुठे?"

शाळेत वाडी येऊन बसली होती. वर्गात चादरी, बाहेर चुलीवर पातेलं, पोरं बाकांवर. मी मोजायला गेले नव्हते, पण नजर शोधत होती. मावशीच पळत माझ्याकडे आली. निथळत होती.

"बरं झालं आलात, बाय. ती येत नाय. जावई भातलावणीला गेलाय पळसदरीला, आनि ही दारातनं हलत नाय. पाटील बोलून बोलून थकला. तुमी चला. तुमचं ऐकंल ती."

तुमचं ऐकंल! मी तिच्यामागून ओढा ओलांडला आणि चढायला लागले. दोन गडी मागून येत होते, बांबू आणि चादर घेऊन. अर्ध्या वाटेवर बांबू घसरला म्हणून मावशी त्यांच्यासाठी थांबली आणि मी एकटीच पुढे झाले. त्या क्षणी ते मला बरंच वाटलं.

मुलगी दारात बसली होती, कुबडी आडवी धरून. वरच्या अंगाने गढूळ पाणी झोपडीच्या भिंतीला घासून चाललं होतं.

"आये कुटंय?"

"येतेय मागून. चल बाई, भेग वाढलीय म्हणतात."

"मला नाय हलायचं," ती म्हणाली. "मागल्या खेपंला हलवलंच की मला."

आता मात्र मी बोलले. एका दमात बोलले. "ती पट्टी मी लिहिली होती. मुकादमाने दाखवली ती. कुणाला हलवलंय की नाही मला काहीही माहीत नव्हतं. पावसाची ओळ उचलून घातली होती. आणि तुझ्या आईला मीच सांगितलं की तू शाळेत आहेस. टेंपो निघणार होता तो माझ्यामुळे राहिला."

तिने आडवी धरलेली कुबडी खाली ठेवली. पाणी वाहत होतं.

"बघितल्याबिगर?"

"हो."

मला वाटलं ती शिव्या देईल. मी वाट बघत होते शिव्यांची, खरंच. तिने मान वळवून वाटेकडे बघितलं, आई दिसत होती का ते.

"आयेला सांगू नका," ती म्हणाली. "तिला तुमचा लय भरवसा हाय. ती मोडंल."

हे ओझं कुणाला तरी द्यावं म्हणून मी चढून आले होते आणि तिने ते नीट बांधून माझ्याच डोक्यावर परत ठेवलं.

मग तिने विचारलं, "शाळा बघितली का ह्या टायमाला?"

"बघून आले. आत्ता."

"पंखा हाय?"

"एक फिरतोय. दुसरा बंद आहे. पाणी टाकीचं आहे, गढूळ. कोपऱ्यात छत गळतंय."

तिने कुबडी उचलली. "मंग चला."

गडी पोचले. चादरीची झोळी करून बांबूला बांधली, तिला आत घेतली, आणि आम्ही उतरायला लागलो. मावशी पुढे, वाट दाखवत, मी झोळीच्या बाजूने. पिशवीत फोन वाजत होता. साहेबांचा संदेश, "झालं ना? टाकू ओळ?" मी रेनकोटाच्या आडोशाला ओल्या बोटांनी लिहिलं, "थांबा. एक जण वाटेत आहे." उत्तर लगेच आलं, "एकीसाठी पट्टी थांबत नाही गं."

पुढच्या वळणावर ह्यांचा फोन आला. पावसात ओरडून बोलत होते. "अगं, आपल्या वाडीचं आलं टीव्हीवर! सगळ्यांना सुरक्षित स्थळी हलवलं म्हणे. तू कुठे कडमडलीस?"

"काय म्हंतात?" झोळीतून मुलीने विचारलं.

"टीव्हीवर आलं," मी म्हटलं. "वाडी हलवली म्हणून."

"पोचलो मंग आपन," ती म्हणाली आणि हसली. झोळी हलली, पुढच्या गड्याने शिवी हासडली.

मावशीने पुढून ऐकलं होतं. ती वळली, तोंडावरून पाणी वाहत होतं, आणि मोठ्याने म्हणाली, "बघ! बोलली नव्हती मी? बायनं लिवलं!"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि झोळीला हात लावला. ओढा अजून ओलांडायचा होता.